दुखतंय म्हणजे नेमकं काय होतंय?

(कुरुंदकर गुरुजींच्या स्मरणार्थ नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



नाव कुरुंदकर गुरुजींचं आणि विषय शाळेतल्या निबंधाचा, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. गुरुजींचे विषय म्हणजे मनुस्मृती, सेक्युलॅरिझम, हैदराबादचा मुक्तिसंग्राम, भरताचं नाट्यशास्त्र. पण कॉलेजात जाण्याआधी ते याच गावात प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर होते. पुढे पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले, तरी गाव त्यांना गुरुजीच म्हणत राहिलं. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच ते गेले, तेव्हाही नांदेडात 'गुरुजी गेले' असंच म्हटलं गेलं. त्यामुळे शाळेचा विषय त्यांना हलका वाटला नसता, असं मी धरून चालते.

दुसरं कारण त्यांच्या गद्याचं. त्यांचं कुठलंही पान उघडा आणि विशेषणं मोजा. फार सापडत नाहीत. 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून छापलेलं त्यांचं ते लांबलचक पत्र आठवा. विषय शिवाजी महाराज. म्हणजे मराठी माणसाची लेखणी जिथे हमखास विशेषणांच्या आहारी जाते तो. गुरुजी तिथे महाराजांना एकही नवी उपाधी देत नाहीत. ते विचारतात, लढाया तर इतरांनीही जिंकल्या, मग या माणसाने वेगळं नेमकं काय केलं? राजा गेल्यावर, किल्ले हातचे जात असताना, रयत वर्षानुवर्षं लढत राहिली, हे इतर राज्यांत का घडलं नाही? हा 'नेमकं काय' वर्गात कसा आणायचा, एवढंच मला आज बोलायचं आहे.

माझी सगळी नोकरी लातुरात, विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेली. विज्ञान शाखेला मराठी शिकवणं म्हणजे काय, हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको. बारावीच्या वेळापत्रकात आम्ही शेवटच्या तासाला असतो, आणि त्या तासाला मुलं क्लासला गेलेली असतात. पण जी मुलं बसत, त्यांच्या वह्या मी वाचल्या आहेत. वहीत पाऊस आला की धरणीमाता हिरवा शालू नेसायची. पक्ष्यांचा किलबिलाट व्हायचा. सूर्याची सोनेरी किरणं पसरायची आणि लेखकाचं मन कसं प्रसन्न व्हायचं. लातुरात! २०१६ च्या मार्चमध्ये जिथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातुरात. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तो उन्हाळा घागरी घेऊन रांगेत काढलेली मुलं जूनमध्ये माझ्या वर्गात बसली आणि त्यांनी 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात शालू लिहिला.

या मुलांना शब्द येत नव्हते असं कुणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही. त्या उन्हाळ्यात प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं आणि भांडी घासून उरलेलं, संडासात टाकायचं वेगळं, हे भेद शाळकरी पोरींना तोंडपाठ होते. बोअरचं पाणी मचूळ, टँकरचं गढूळ, रात्रभर तुरटी फिरवून ठेवलेलं निवळ. बोअर आटला म्हणजे काय, गेला म्हणजे काय, उपसा धरत नाही म्हणजे काय, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण परीक्षेत 'पाणी' या शब्दाला समानार्थी म्हणून जल, नीर, तोय, उदक लिहायचं असतं, आणि एकेका शब्दाला गुण असतात. मला विचाराल तर मुलांची भाषा सगळ्यात जास्त या समानार्थी शब्दांच्या पाठांतराने बिघडवली आहे. त्यातून मूल शिकतं काय, तर कुठलाही शब्द काढून दुसरा घातला तरी चालतं. चालत नाही. उदक सोडतात, भरत नाहीत. त्या रेल्वेला 'जलदूत' नाव दिलं ते शोभून दिसलं. पण स्टेशनवर कुणी 'जल आलं' असं ओरडलं नाही. गढूळ आणि मचूळ यांतला फरक सांग, असा प्रश्न एखाद्या प्रश्नपत्रिकेत आला तर मी त्या पेपरसेटरला घरी जाऊन फेटा बांधीन.

आता एका वहीतला एकच परिच्छेद जरा जवळून बघू. मुलगा हदगाव तालुक्यातला, बारावीला लातूरला आलेला. मेसचा डबा खायचा, डॉक्टर व्हायचं होतं. नाव सांगत नाही. आज तो खरंच डॉक्टर आहे. त्याने लिहिलं होतं: 'यंदा आमच्या गावी खूप मुसळधार पाऊस झाला. सगळीकडे पाणीच पाणी झाले. शेतकरीराजा आनंदित झाला.' मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि त्याला जवळ बोलावलं.

'पाऊस किती झाला रे?'

'लई झाला, मॅडम.'

'लई म्हणजे किती?'

तो गप्प. मिलिमीटर त्याला माहीत नव्हते, आणि मलाही ते नको होते. मग म्हणाला, 'चार दिस वाफसा नव्हता, मॅडम.'

आता सांगा, हे मोजमाप नाही तर काय आहे? काळ्या रानात पाऊस मुरून, माती पायाला चिकटायची थांबून, तिफण किंवा ट्रॅक्टर घालता येईल अशी ओल राहिली की वाफसा आला म्हणायचं. चार दिवस वाफसा नाही, यात पावसाचं माप आलं, जमिनीची जात आली आणि पेरणी खोळंबल्याची काळजीही आली. शेतकरीराजा आनंदित वगैरे काही झालेला नव्हता. मी विचारलं, 'मग बाबा काय करायचे?' म्हणाला, 'काय करतील? रोज सकाळी धुऱ्यावर जायचे आन् ढेकूळ फोडून बघायचे.' म्हटलं, हेच लिही. त्याने विचारलं, 'धुरा चालंल का, का बांध लिहू?' हा प्रश्न त्याला पडावा, याला मराठीचे शिक्षक म्हणून आपणच जबाबदार आहोत. त्याच्या गावात धुरा म्हणतात, औशाकडे बांध म्हणतात. दोन्ही मराठीच.

त्याने पुन्हा लिहिलं: 'पाऊस उघडला, पण चार दिवस वाफसा आला नाही. बाबा रोज सकाळी धुऱ्यावर जात आणि ढेकूळ फोडून बघत.' दोन वाक्यं. 'चार' सोडलं तर विशेषण एकही नाही. मुसळधार गेलं, शेतकरीराजा गेला, आणि पाऊस मात्र पहिल्यांदा वहीत पडला.

इथे मी काय केलं ते बघा. मी त्याला नवा शब्द दिला नाही. 'प्रभावी शब्दसंपत्ती' नावाचा तक्ता काही शाळांत भिंतीवर असतो: 'सुंदर'ऐवजी रमणीय, मनोहर, नयनरम्य वापरा. तो तक्ता काढून टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे. सुंदरच्या जागी नयनरम्य घातल्याने डोळ्यांना जास्तीचं काही दिसत नाही. शिक्षकाने विचारायचं ते 'किती?', 'कुठलं?', 'मग त्याने काय केलं?' एवढंच. उत्तराचा शब्द मुलाच्या घरी असतो. आपण फक्त तो आत येऊ द्यायचा.

नाम अचूक असलं की कधीकधी कारणही त्यातच सापडतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'घरे जमीनदोस्त'. हजारो माणसं गेली ती नुसती घरं पडून नव्हे, माळवदं बसून. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांनी तोललेला मातीचा जाड थर. माळवद हा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याला एवढी माणसं का दबली हे वेगळं सांगावं लागत नाही. आता तिकडे नव्या वसाहती झाल्या, स्लॅब आले. तिथली आजची मुलं माळवदावर कधी झोपलेली नाहीत, त्यामुळे तो शब्द त्यांना शिकवावाच लागेल. तक्त्यात नाही, आजीच्या तोंडून.

आता मी ज्यासाठी मुख्यतः उभी आहे त्या गोष्टीकडे येते.

लातूर आणि नांदेड, आपण दोघं मिळून दरवर्षी कितीतरी मुलं वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला बसवतो. लातूरचा ट्यूशन एरिया घ्या, नांदेडचं भाग्यनगर घ्या. संध्याकाळी पाठीवर सॅक लावलेल्या मुलांनी रस्ते वाहत असतात. ही परीक्षा गोल काळे करायची आहे. दोन वर्षं मुलाने एकही वाक्य लिहिलेलं नसतं. त्यातली काही मुलं विष्णुपुरीला, काही लातूरच्या, काही अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयात जातात. तिथे समोर पेशंट येतो तो कंधारचा, मुखेडचा, जळकोटचा, आणि तो मराठी बोलतो.

माझी एक विद्यार्थिनी शिकाऊ डॉक्टर असताना भेटायला आली. म्हणाली, मॅडम, म्हाताऱ्या बायका इतकं बोलतात, आणि मला केसपेपरवर लिहायला एकच शब्द सुचतो, 'पेन'. मी विचारलं, त्या बोलतात काय? तिने सांगितलं. एक म्हणाली, गुडघा ठणकायलाय. दुसरी म्हणाली, पाठीत उसण भरली. तिसरीच्या तळपायाची आग व्हायली आणि बोटांना मुंग्या येतात. चौथीच्या पोटात कळ येते, थांबते, पुन्हा येते.

मी तिला म्हटलं, तू जे पुस्तकात शिकलीस ते या बायकांनी आधीच वेगळं करून ठेवलंय. ठणका हा नाडीबरोबर येतो. दात ठणकतो, पू धरलेलं बोट ठणकतं. गळू पिकायला लागलं की ठसठसतं. कळ ही लाटेसारखी येते आणि जाते, म्हणून ती पोटात येते, आतड्याची असो की मुतखड्याची. उसण भरते ती स्नायूत, आणि वळलं की भरते. चमक निघते ती विजेसारखी, एका जागेवरून दुसऱ्या जागेला. डोळा चुरचुरतो, जखम झोंबते, काटा सलतो. यातलं क्रियापद अदलाबदल करून बघा. दात चुरचुरतो असं कुठलीही मराठी आजी म्हणणार नाही. पाठ झोंबली असं म्हणणार नाही. एकेका क्रियापदाने आपली जागा धरलेली आहे. आणि ताप? कणकण आहे, अंग मोडून आलंय, हुडहुडी भरलीय, यांत तापाच्या पायऱ्याच आहेत, थर्मामीटर लावायच्या आधीच्या.

हा माझा गावठी अभिमान आहे असं समजू नका. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच केलं. दुखणं किती आहे हे विचारून भागत नाही, कसं आहे हे विचारलं पाहिजे, म्हणून रुग्ण वापरतात ते शब्द त्याने गोळा केले, त्यांची वर्गवारी लावली, आणि १९७५ साली ७८ शब्दांची, २० गटांत मांडलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली. जगभरच्या दवाखान्यांत ती वापरली गेली. आपल्याकडे असा साठा घरोघरी पडून आहे आणि आपण मुलाला शिकवतो, 'वेदना' या शब्दाला समानार्थी शब्द लिहा: यातना, व्यथा, पीडा.

डॉक्टरची भाषा आणि रोग्याची भाषा यांची गाठ घालण्याचा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवत. त्यासाठी १९१७ पासून हैदराबादेत भाषांतराचं खातंच उघडलेलं होतं. त्यांनी परिभाषा घडवली, मोठं काम केलं. पण परिभाषा दवाखान्याच्या आतल्या बाजूची असते. बाहेरच्या बाकावर जे बोललं जातं ते टिपून घेण्याचं काम तेव्हाही राहिलं आणि आजही राहिलंय.

इथे एक सावधगिरीची सूचना. गावाकडचा शब्द आला की लेखन जिवंत झालं असं मी म्हणत नाहीये. हा नवा साचा आता चांगलाच रुळलाय. महाविद्यालयीन कविसंमेलनांना परीक्षक म्हणून बसले की अर्ध्याहून जास्त कवितांत बाप असतो, भेगाळलेली माती असते आणि शेवटच्या ओळीत फास. ज्या घरात ते घडलं त्या घराबद्दल बोलायची माझी छाती नाही. पण ज्या मुलाच्या बापाचं किराणा दुकान आहे तोही फासच लिहितो, तेव्हा मला जुना शालू बरा वाटायला लागतो. दुकानात दिवसभर काय दिसतं ते लिही ना बाबा; उधारीच्या वहीत कोणत्या महिन्यात नावं वाढतात ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं आणि दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. लातूरजवळच्या धनेगावचा माणूस, सूतगिरणीत काम केलेला. त्या पुस्तकाचं बळ त्यांनी पाहिलेल्या, भोगलेल्या तपशिलात आहे. त्याची नक्कल करून दुसरं 'उचल्या' होत नाही.

आणि अचूक शब्द नेहमी जुना किंवा देशीच असतो असंही नाही. शेतातली वीज गेली की आपण म्हणतो, डीपी जळाला. वर्तमानपत्र लिहितं, रोहित्र नादुरुस्त. दहावीच्या उपयोजित लेखनात महावितरणला पत्र लिहायला येतं. मुलं लिहितात, 'वीज नसल्यामुळे ग्रामस्थांचे अतोनात हाल होत आहेत, तरी आपण त्वरित लक्ष घालावे.' अतोनात हाल वाचून आजवर एकही वायरमन खांबावर चढलेला नाही. डीपी कुठला, कोणत्या तारखेला जळाला, त्यावर मोटारी किती, कुठलं पीक पाण्यावाचून उभं आहे, एवढं लिहिलं तर पत्राला पत्रपण येतं. कचेरीत रोहित्र लागत असेल तर रोहित्र लिहावं. घरी आईला सांगताना डीपी. वाचणारा कोण, यावर शब्द ठरतो. एवढं व्यवहारज्ञान मुलाकडे असतंच, सरपंचाशी आणि मित्राशी तो एकाच भाषेत बोलत नाही.

आता शिक्षक मित्रांचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय: मॅडम, मार्कांचं काय? लातूर बोर्डाचा परीक्षक गठ्ठा घेऊन बसतो, त्याला शालू दिसला की तो बिनघोर टिक करतो. धुरा दिसला तर थबकेल. खरं आहे. गाइडातला निबंध मार्क मिळवून देतो, हे मी नाकारत नाही. पण लातूर पॅटर्नचं नाव आपण अभिमानाने घेतो, त्या पॅटर्नमध्ये मूळ गोष्ट काय होती? राजर्षी शाहू महाविद्यालयात, दयानंदमध्ये त्या काळी जे सुरू झालं त्यात घोकंपट्टीपेक्षा महत्त्वाचं होतं ते वारंवार सोडवून घेणं. पेपर सोडवायचा, चूक कुठे झाली ते मुलाला दाखवायचं, तोच पेपर पुन्हा सोडवायचा. भौतिकशास्त्राचं गणित चुकलं तर आपण ते पुन्हा करायला लावतो. मराठीचा निबंध मात्र एकदाच लिहायचा, खाली 'चांगले' लिहून सही करायची, आणि पान उलटायचं. पॅटर्न मराठीला कधी लावलाच नाही. एकच परिच्छेद तीनदा लिहून घ्या. नवा विषय देऊ नका. दुसऱ्या खेपेला विचारा 'किती', तिसऱ्या खेपेला विचारा 'मग काय केलं'. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांच्या वह्या तपासणं होत नाही, हे मला ठाऊक आहे. रोज एक परिच्छेद फळ्यावर घ्या, सगळ्या वर्गाला विचारू द्या. मुलं आपल्यापेक्षा निर्दय असतात. 'प्रसन्न म्हणजे काय झालं रे तुला?' हा प्रश्न माझ्या वर्गात एका मुलीनेच दुसऱ्याला विचारला होता, आणि तो बिचारा बराच वेळ विचार करत उभा होता.

शेवटी एक काम सांगते, जमल्यास या दिवाळीच्या सुट्टीत करून घ्या. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांना एक वही द्या. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं: कुठे दुखतं आणि कसं दुखतं. ते जो शब्द बोलतील तो तसाच उतरवायचा. बोलणाऱ्याचं गाव आणि अंदाजे वय लिहायचं, नाव नको. बोलताना हात कुठे ठेवला तेही लिहायचं, कारण 'काळजात' म्हणताना काही जण छातीवर हात ठेवतात आणि काही जण पोटावर, आणि डॉक्टरला दोन्हींचा अर्थ वेगळा लागतो. देगलूर-बिलोलीकडून तेलुगू मिसळलेले शब्द येतील, उदगीर-निलंग्याकडून कानडी, किनवट-माहूरकडून गोरमाटी आणि गोंडी. गाळू नका. एकाच शब्दाचे दोन माणसांनी दोन अर्थ सांगितले तर दोन्ही ठेवा. महानुभावांनी चक्रधरांच्या लीळा जमवताना हीच रीत पाळली. म्हाइंभट माणसामाणसांकडे गेले, आणि स्मरणात फरक पडला तर त्या पंथाने तो फरकही जपून ठेवला. आपल्या मराठी गद्याची सुरुवातच अशा विचारपुशीतून झालेली आहे.

वह्यांमधलं शुद्धलेखन तपासू नका. 'ठणाकतंय' लिहिलं असेल तर ठणाकतंयच राहू द्या. आजी तसंच म्हणाली असेल. जमलेल्या वह्या पुढे कुणाकडे द्यायच्या हे अजून ठरलेलं नाही. आपल्या तिन्ही वैद्यकीय महाविद्यालयांतल्या कुणा प्राध्यापकाला त्यात रस असेल तर त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावं. मी चहापर्यंत इथेच आहे.